वरचा सहा, खालचा सहा

मंगळवार, रात्री

पहिल्या वर्षाच्या मुलांनी गटात बसून गणितं सोडवायचा आजचा तास झाला, पण तिसऱ्या गटाचा कागद अजून टेबलावरच आहे. पाच रोल नंबर, पाच सह्या, पाच गणितं, पाचही उत्तरं बरोबर. अक्षर मात्र एकाच मुलीचं. समास सोडलेला, उत्तराखाली पट्टीने ओढलेली लाल रेघ. बरोबरच्या खुणा करत गेले आणि चौथ्या गणितापाशी हात थांबला. 'डो यू बाय डो एक्स'मधला डो (∂, पार्शल डिफरन्शिएशनचं म्हणजे आंशिक विकलनाचं चिन्ह) पहिल्या तीन गणितांत नीट काढलाय, आरशातल्या इंग्रजी सहासारखा. चौथ्यात तो सरळ सहा झालाय. आणि मग वरचा सहा आणि खालचा सहा तिरक्या रेघेने काटून टाकलेत, जणू ते आकडेच. पुढच्या ओळीत उत्तर तरीही बरोबर.

म्हणजे पहिली तीन कुणाच्या तरी वहीतून उतरवलेली, चौथं तोंडी सांगितलेलं. पाच आठवडे ती या गटात बसते आहे. हे चिन्ह काय आहे ते तिला ठाऊक नाही, आणि तिला ते ठाऊक नाही हे शेजारच्या चौघांनाही ठाऊक नाही.

वेळापत्रकात या गटांसाठी एक तास मिळावा म्हणून किती जणांची मनधरणी केली. खोलीच्या चार भिंतींना चार फळे लावून घेतले. गट सांभाळणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना दोन शनिवार बसवून शिकवलं की उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारायचा. एवढं करून हातात काय, तर कॉपीची नीटनेटकी सोय. जेवतानाही तेच डोक्यात होतं.

गट पाडण्यात चूक नव्हती, ते पुन्हा तपासलं. वीसच्या बॅचचे पाच-पाचचे चार गट. चारचा गट केला की गणपतीला दोघं गावी गेली की तो संपतो. सहाचा केला की आपोआप तीन-तीन होतात. रोल नंबरने गट पाडत नाही, कारण उशिरा प्रवेश झालेल्यांचे नंबर शेवटी एकत्र येतात आणि अख्खा गटच चाचपडणाऱ्यांचा होतो. मुलगी असलेल्या गटात निदान दोघी तरी हव्यात. एसटीने येणाऱ्यांसाठी तास वेळापत्रकाच्या आतच हवा. कॉलेज सुटल्यावर ठेवला तर फक्त हॉस्टेलची मुलं उरतात. हे सगळं केलं होतं.

मग 'तुझं अक्षर छान आहे, तूच लिही' हे वाक्य आठवलं. प्रत्येक बॅचमध्ये पहिल्याच दिवशी कुणीतरी ते म्हणतं, आणि बहुतेक वेळा एखाद्या मुलीलाच. ऐकायला कौतुक वाटतं. पण जिच्या हातात पेन, तिला विचार करायला वेळच मिळत नाही. आणि ती लिहीत असते म्हणून बघणाऱ्याला ती कामात दिसते. गप्प बसलेला मुलगा लगेच लक्षात येतो. लिहिणारी मुलगी नाही येत.

आणि एका गटाला एकच कागद, हा नियम माझाच. साठ कागद तपासण्यापेक्षा बारा तपासावेत म्हणून.

गणितंही माझीच. पाच, सरळ, सूत्रात घालून सुटणारी. कच्च्या मुलांना सोपं द्यावं असं मनात होतं. पण जे एकाला दोन मिनिटांत सुटतं त्यावर पाच जणांनी बोलायचं काय? अमेरिकेत बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात गणित शिकवणाऱ्या उरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसच्या पहिल्या वर्षाची मुलं अभ्यास कशी करतात ते जवळून पाहिलं होतं. मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं आळशी नव्हती. मन लावून पण एकेकटी अभ्यास करत होती. पुढे असलेली चिनी वंशाची मुलं आधी एकटी बसत आणि मग एकत्र येऊन एकमेकांचं तपासत. त्यावरून त्यांनी जे गट सुरू केले त्यात उजळणी नव्हती, अवघड गणितं होती. हे मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगते. आणि कागद काढते तो सोपा.

तिचा प्रवेश तिसऱ्या कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या तिसऱ्या फेरीतला, उशिराचा. ती वर्गात आली तेव्हा पार्शल डिफरन्शिएशनचे पहिले दोन तास होऊन गेले होते. नोट्सचे फोटो तिला व्हॉट्सॲपवर मिळाले असणार. फोटोत चिन्ह दिसतं, त्याचा उच्चार आणि अर्थ नाही दिसत. कुणाला विचारणार? नवीन जागी पाचव्या आठवड्यात 'हे काय असतं' विचारायचं म्हणजे... असो.

नऊ वाजता पुढच्या मंगळवारचा कागद नव्याने काढला. एकच गणित. टॅन यू बरोबर एक्स क्यूब अधिक वाय क्यूब, भागिले एक्स वजा वाय. ऑयलरचं प्रमेय वापरून एक्स गुणिले डो यू बाय डो एक्स अधिक वाय गुणिले डो यू बाय डो वाय काढा. निम्म्यांचं उत्तर २यू येईल, कारण ते प्रमेय थेट यूला लावतील. प्रमेय लागतं ते होमोजिनियस फलनाला, म्हणजे एक्स-वाय दोन्ही एकाच पटीने वाढवले की जे त्या पटीच्या ठरावीक घाताने वाढतं त्याला. इथे तसं आहे ते टॅन यू, यू नव्हे; म्हणून उत्तर साइन २यू. एकाच गटात दोन उत्तरं आली की बोलावंच लागतं.

पहिली आठ मिनिटं प्रत्येकाने आपापल्या वहीत, न बोलता. नंतर वीस मिनिटं फळ्यावर, खडू एकच. ज्याला सुटलंय त्याने खडू धरायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं. ज्याला सुटलं नाही त्याने लिहायचं आणि 'का' विचारल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही. शेवटी चिठ्ठी काढून एकाने पूर्ण गणित समजावायचं. मोबाइल खिडकीत. कागद प्रत्येकाचा वेगळा. साठ तर साठ. यंदा रात्री अशाच जाणार, जाऊ देत.

तिला एकटीला बोलावणार नाही. तिसऱ्या गटाच्या ताईला, म्हणजे तो गट सांभाळणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला, निरोप पाठवलाय: पहिली तीन मिनिटं सगळ्या गटाने डो काढायचा, मोठा, फळ्यावर, एकेकाने, आणि तो साध्या डीपेक्षा वेगळा का ते सांगायचं. सुरुवात ताईने स्वतःपासून करावी. मागच्या वर्षी तीसुद्धा तिसऱ्या राउंडलाच आली होती.