हजेरीवहीतलं टिंब

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढे, उद्यमबागेत एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी हिशेब बघते. तीसेक माणसं. कुणी वडगाव-शहापूरचे, कुणी खानापूरहून रोज रेल्वेने येणारे. आल्या-गेल्याची वेळ मिस्त्री वहीत लिहितात आणि महिनाअखेरीला आधीचे कारकून कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे. ते काम सोडून गेले, तेव्हा मालक म्हणाले, "आता एक्सेलमध्येच घ्या की सगळं. एका दिवसाचं काम हाय." मला महिना लागला.

पहिली चूक वहीतूनच आली. मिस्त्री आत यायची वेळ 7.30 आणि जायची 4.15 अशी लिहितात. मी 4.15 चं 16.15 केलं, बाकी जसंच्या तसं उतरवलं. 7.30 चं लगेच 7.3 झालं. शून्य गेलं तर गेलं, म्हटलं. मग दुसऱ्यातून पहिलं वजा केलं, उत्तर आलं 8.85. आठ तास पंच्याऐंशी मिनिटं! तासात पंच्याऐंशी मिनिटं कुठल्या घड्याळात असतात?

वहीतलं टिंब म्हणजे तास आणि मिनिटांमधलं कुंपण. एक्सेलला तेच टिंब दशांशचिन्ह वाटतं. त्याच्या लेखी 7.3 म्हणजे सात आणि तीन दशांश, म्हणजे तासांच्या हिशेबात सात वाजून अठरा मिनिटं. साडेसात पाहिजेत तर 7.5 तरी लिहा, नाहीतर मध्ये कोलन देऊन 7:30 लिहा. तोवर माझी पंधरा दिवसांची हजेरी भरून झाली होती. ती पुन्हा टाइप करायची म्हणून मी रडकुंडीला आले. शेवटी भाच्याने फोनवरून टाइम फंक्शन सांगितलं. आकड्याचा पूर्णांक म्हणजे तास, उरलेल्या अपूर्णांकाला शंभराने गुणून राउंड केलं की मिनिटं. शेजारच्या रकान्यात हे एकदा लिहून खालपर्यंत ओढलं आणि सगळ्या टिंबांच्या वेळा झाल्या. राउंड वगळू नका, नाहीतर कुठेकुठे एक मिनिट गळतं.

कोलनचा त्रास वेगळाच. कीबोर्डाच्या उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर तो नसतोच, दर वेळी शिफ्ट दाबून हात इकडे आणायचा. यावरही भाच्याने युक्ती दिली. ऑटोकरेक्टमध्ये सांगून ठेवायचं की लागोपाठ दोन टिंबं आली की त्यांचा कोलन कर. आता मी 7..30 असं एका हाताने बडवते. एएम-पीएम लिहिणार असाल तर आधी जागा सोडा. 7:30 ला चिकटवून एएम लिहिलं तर तो मजकूर होतो आणि बेरजेत धरलाच जात नाही. ओळखायचं कसं? खरी वेळ चौकटीत उजवीकडे बसते, मजकूर डावीकडे.

आता मिस्त्रींबद्दल. माणूस बैलहोंगलकडचा, घरी कन्नड, आमच्याशी मराठी. घाईत मात्र वेळ कन्नडमध्येच सांगतात. एकदा वही हातात घेऊन वाचायला लागले, मी टाइप करत होते. "एळू मुक्काल." मुक्काल म्हणजे पाऊण, एळू म्हणजे सात. मी पावणेसात समजून 6:45 टाकलं. पण कन्नडमध्ये पाऊण पुढे चढवतात, सात आणि वर पाऊण. म्हणजे आपले पावणेआठ. त्या दिवशी उशिरा आलेल्या चार जणांना माझ्या कृपेने तासाभराची जादा हजेरी मिळाली असती.

सगळ्यात मोठा घोळ जेवणाच्या सुट्टीने केला. साडेसात ते सव्वाचार म्हणजे 8:45, त्यातून जेवणाचा अर्धा तास वजा करायचा. मी सरळ 0.5 वजा केला. अख्खा रकाना ####. चौकट लहान पडली असेल म्हणून ती ओढून पार स्क्रीनभर केली, तरी गजांची रांग आपली वाढतेच आहे. त्या रात्री डोक्यात प्रकाश पडला. एक्सेलला तास-मिनिटं असं काही कळतच नाही. त्याला कळतो दिवस. पूर्ण दिवस म्हणजे 1. मग 0.25 म्हणजे सकाळचे सहा, 0.5 म्हणजे दुपारचे बारा, 0.75 म्हणजे संध्याकाळचे सहा. मी अर्धा तास म्हणून बारा तास कापत होते, उत्तर शून्याच्या खाली जात होतं, आणि उणे वेळ त्याला दाखवता येत नाही.

खरं तर हे आपल्याला नवं नाही. गवंड्याच्या हाताखालची माणसं पाव हजेरी, अर्धी हजेरी, दीड हजेरी असंच बोलतात. त्यांची एक हजेरी आठ तासांची, एक्सेलची चोवीस तासांची, एवढाच फरक. 0.5 च्या जागी 0:30 लिहिलं आणि 8:15 आले.

पहिल्या महिन्याची बेरीज लावली तेव्हा खानापूरचा एक पोरगा टेबलाशी येऊन उभा राहिला. "आक्का, मी सव्वीस दिवस काम केलो आणि बावीसच तास?" शीटवर 22:30 होतं. 26 दिवस रोज 8:15, म्हणजे व्हायला पाहिजेत 214:30. चौकटीचा फॉरमॅट तारीख आणि वेळ असा करून बघितला तर 8 जानेवारी 1900, रात्रीचे साडेदहा. पोरग्यापेक्षा मीच जास्त घाबरले. पण एक्सेल दिवस मोजतं ते 1 जानेवारी 1900 पासून. 214:30 म्हणजे आठ पूर्ण दिवस आणि वर साडेबावीस तास. साधा वेळेचा फॉरमॅट ते आठ दिवस गिळून फक्त वरचे तास दाखवतो. उपाय फॉरमॅट सेल्समध्ये, कस्टमखाली. तासाचा एच चौकटी कंसात घालायचा, पुढे कोलन आणि दोन एम. कंस घातला की तास चोवीसच्या पुढे मोजले जातात. पोरग्याने खिशातून कागद काढला. त्यावर त्याने स्वतः 214 आणि अर्धा लिहून आणलं होतं.

पगाराच्या रकान्यातही तीच गोष्ट. हिशेबाला सोपा म्हणून दर तासाला 100 रुपये धरा. 214:30 ला शंभराने गुणलं तर येतात 893 रुपये 75 पैसे, कारण गुणले जातात दिवस. आधी 24 ने गुणायचं, मग दराने, आणि त्या चौकटीचा फॉरमॅट साधा नंबर ठेवायचा. मग 21,450 येतात.

रात्रपाळीला, दहा ते सहा, पुन्हा ते गज आलेच. सकाळच्या सहातून रात्रीचे दहा वजा होणार कसे? तिथे वजाबाकी मॉड फंक्शनमध्ये घालून भाजक 1 द्यायचा. उणे उत्तरात एक दिवस मिळवला जातो आणि बरोबर आठ तास येतात. दिवसपाळीलाही तोच फॉर्म्युला चालतो, म्हणून मी सगळीकडे तोच ठेवलाय.

मिस्त्रींना मी म्हटलं, "मामा, वहीत एका टिंबाऐवजी दोन टिंबं देऊन लिहाल काय? मला बरं पडेल." "होय की, त्यात काय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी वही उघडली. खालपासून वरपर्यंत सगळीकडे एकाशेजारी एक दोन टिंबं, 7..30, 7..30, 7..45. मी काही बोलले नाही. तसंच टाइप करत गेले.