डोंगर काढणारी आई

कबूल करून टाकते. मागच्या वर्षी लेकीच्या चित्रकलेच्या वहीतलं 'पोळा' हे चित्र मी काढलं होतं. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, ती टेबलावरच झोपून गेलेली, आणि वही सकाळी जमा करायची. मोबाइलवर एक चित्र सापडलं, ते बघून उतरवलं. दोन डोंगर, मधोमध सूर्य, नारळाची झाडं, धोतर-फेट्यातला शेतकरी आणि झुलीचा बैल. वहीवर लाल शाईत 'छान' आलं.

लेकीने ते निरखून पाहिलं. "आई, हे कोणतं गाव?"

"रामटेक असेल."

"रामटेकला नारळाची झाडं?"

यंदा ती आठवीत आहे, एलिमेंटरी या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसतेय. तिथे स्मरणचित्राच्या पेपरला ना मोबाइल ना आई. पुढे इंटरमिजिएट या वरच्या परीक्षेला ए ग्रेड मिळाली की दहावीत ७ गुण वाढतात, त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच पोरांनी क्लास लावलेत. तिथे तीन माणसं पाठ करून घेतात: डोक्यावर टोपली घेतलेली बाई, पाठमोरा माणूस आणि सायकलवाला. विषय बाजाराचा असो, बसस्टॉपचा असो की जत्रेचा, तीच तिघं जागा बदलून उभी. वेळ मोजका असतो, म्हणून क्लासवाल्यांनाही मी फार बोल लावत नाही. (मी कोणत्या तोंडाने लावणार?)

श्रावणातल्या एका रविवारी तिला ॲक्टिवावर बसवून नागपूरच्या महाल भागात, मूर्तिकारांच्या चितारओळीत नेलं. गणपतीचं काम जोरात होतं. बांबूच्या कामट्या, त्यावर सुतळीने आवळलेली तणस, त्यावर चिखल. पोट तयार, पण डोकं नाही, असे गणपती मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. एका मूर्तिकार काकांना विचारलं, पोरीने इथे बसून चित्र काढलं तर चालेल का? "काहून नाही? बस न बाप्पा. फक्त वल्ल्या मातीले हात लावू नको."

दीड तास बसली. मला वाटलं होतं गणपती काढेल. तिने काढले हात. फळीवर वाळत घातलेले सुटे हात, ओळीने, काही आशीर्वाद देणारे, काही मोदकासाठी पसरलेले. बाजूला पाण्याची बादली आणि काकांची चप्पल. काकांनी कागद हातात घेतला, बोटांकडे बोट दाखवलं. "आंगठा चुकला. आपला हात पाह्य न आधी." मग तिने आपलाच डावा हात समोर धरून अंगठा पुसला आणि पुन्हा काढला. डोळे कधी काढता, असं तिने विचारलं, तर म्हणाले, आखणी सगळ्यात शेवटी.

त्यानंतर झिरो माईलच्या स्तंभाजवळ जाऊन तिथले घोड्यांचे पुतळे काढून झाले. चार घोडे आहेत, तिने एकाच घोड्याचे पाय तीनदा काढले. मी कंटाळून भाजलेली कणसं खात बसले.

यंदाही पोळ्याचंच चित्र आणायला सांगितलं. तिने तान्हा पोळा काढला. रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये पोरांसाठी लाकडी बैलांचा पोळा सुरू केला असं सांगतात, तो मोठा इतिहास तिच्या चित्रात नाही. तिच्या चित्रात आमचा माळ्यावरचा बैल आहे, पुढचं एक चाक निखळलेला, म्हणून उचलून काखेत धरलेला. समोर दार अर्धवट उघडं आणि बोजारा, म्हणजे बैल घेऊन आलेल्या पोरांना द्यायची ओवाळणी, देणारा एक हात, बांगड्या भरलेला. बाईला चेहराच नाही. "मी दुसरीत होते न, मला हातच दिसायचा," असं तिचं म्हणणं. अंगठा मात्र बरोबर जमलाय.

काल वही परत आली. लाल शाईत लिहिलंय: 'पार्श्वभूमी रिकामी आहे. डोंगर, झाडे दाखव.'

लेकीने वही माझ्यापुढे सरकवली. "डोंगर तू काढ. तुला येतात."