सुरखी म्हणजे रिसायकलिंगच की

जुन्या दगडी किंवा विटांच्या भिंतीच्या दरजा (विटांमधले सांधे) सिमेंटने भरलेल्या दिसल्या की हल्ली माझं डोकंच फिरतं. आधी वाटायचं, वा, पक्कं काम झालं. पण सिमेंट जुन्या विटेपेक्षा कितीतरी कडक, त्यातून ओल नीट बाहेर पडत नाही, मग ती विटेतूनच वाट काढते आणि जाता जाता क्षार तिथेच ठेवून जाते, लोणा लागतो, विटेचे पापुद्रे सुटतात आणि सिमेंटची दरज मात्र तशीच दिमाखात उभी! खरं तर झिजायचंच असेल तर दरजेने झिजावं, ती परत भरता येते.

म्हणून चुना. फक्त तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत अगदी सावकाश घट्ट होतो, आणि कायम ओल असेल तिथे तर त्याचं काही खरं नाही. तिथे सुरखी लागते. ही भाजलेल्या विटा-खापऱ्यांची बारीक पूड चुन्याशी रिअ‍ॅक्ट होते आणि माल ओलीतही घट्ट होतो. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की नदीची किंवा समुद्राची वाळू असेल तर त्यात एक तृतीयांश खापऱ्यांची पूड चाळून घाला. इस्तंबूलच्या हागिया सोफियाच्या (इ.स. ५३७) चुन्यातही विटांचा चुरा आहे.

मग आजचा राडारोडा दळून सुरखी का करू नये? करावी की, पण सरसकट नाही. एक तर वीट किती भाजलीय ते बघायला हवं, साधारण ६०० ते ९०० अंशांतली चालते, फार जास्त तापलेली असेल तर तिची पूड वाळूसारखी नुसतीच पडून राहते. दुसरं म्हणजे जिप्समचा गिलावा, तो मिसळला की सल्फेट येतं, ओलीत फुगणारे स्फटिक होतात आणि भेगा पडतात. म्हणजे वेगळं करायचं ते इमारत पाडतानाच, नंतर ढिगात कोण शोधत बसणार.

आणि हो, चुना म्हणजे झिरो कार्बन असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका. भट्टी सिमेंटच्या १४५० ऐवजी ९०० अंशांच्या आसपास लागते आणि चुनखडीतून निघालेला वायू तो हळूहळू परत घेतो हे खरं, पण जळणाचा धूर कोण परत घेणार?

सध्या तीन वेगवेगळ्या विटांची पूड चुन्यात कालवून गोळे केलेत, थोडे दिवस ओल्या फडक्यात ठेवून मग पाण्यात सोडले. दोन टिकून आहेत. सगळ्यात कडक, खणखणीत वाजणाऱ्या विटेचा गोळा पहिल्याच रात्री विरघळला.