बर्न्ट अंबरचे टोपण

पावसाळाभर मिटून ठेवलेली तैलरंगांची पेटी परवा उघडली, तेव्हा टायटॅनियम व्हाइटचे टोपण दोन बोटांत निघाले, पण बर्न्ट अंबर या तपकिरी मातीच्या रंगाचे काही केल्या हलेना. यात नवल काहीच नव्हते, कारण अंबरच्या मातीत मँगनीज असते आणि त्यामुळे तो रंग इतरांपेक्षा लवकर सुकतो. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि आट्यांत राहिलेला असा सुकलेला थर टर्पेंटाइनलाही सहसा दाद देत नाही.

अशा वेळी ट्यूबचे पोट मुठीत धरून पिळण्याची चूक मी पूर्वी केलेली आहे. टोपण होते तिथेच राहिले, पत्रा मानेपाशी फाटला आणि क्रिमसन मनगटापर्यंत ओघळला. तेव्हापासून ट्यूबचा खांदा, म्हणजे मानेखालचा कडक भाग, चिमटीत घट्ट धरायचा आणि जोर फक्त टोपणावर लावायचा, हा नियम मी पाळतो. त्याआधी ट्यूब उलटी करून टोपण मानेपर्यंत कढत पाण्यात दोनेक मिनिटे धरावे. प्लॅस्टिक धातूपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि सुकलेला रंगही थोडा मऊ होतो. मग ते कोरडे पुसून, फडके गुंडाळून पक्कडीने बेताने फिरवावे. (आमच्या घरी या कामाला अडकित्ताही लागलेला आहे, पण ते सुपारी खाणाऱ्यांना सांगू नये.) काडी पेटवून टोपण शेकण्याची जुनी युक्ती मात्र प्लॅस्टिकच्या टोपणाला आणि शेजारी टर्पेंटाइनची बाटली असताना अजिबात करू नये.

जलरंगात डिंक असल्यामुळे त्याचे टोपण नुसते पाण्यात बुडवून ठेवले तरी सुटते. अ‍ॅक्रिलिक एकदा सुकले की पाण्यात विरघळत नाही, तिथे पुन्हा कढत पाणीच.

काहीच जमले नाही, तर ट्यूबची खालची घडी उलगडून रंग काढून घ्यावा आणि ती परत मुडपावी. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 मध्ये कथलाच्या ट्यूबचे पेटंट घेतले, त्यापूर्वी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरत आणि टोचून बाहेर काढत. त्या मानाने ही कसरत पुष्कळच सुसह्य आहे.

माझे अंबर दुसऱ्या बुडीला सुटले. टोपणाच्या आत तपकिरी कडे घट्ट बसले होते. ते टाचणीने खरवडण्यात टोपण उघडण्याहून अधिक वेळ गेला. मग आटे पुसून त्यांवर व्हॅसलिनचे पुसटसे बोट फिरवले.