उजव्या सीटवरचा वैमानिक

खांद्यावर चार पट्टे कॅप्टनचे, उजवीकडे बसणाऱ्या सहवैमानिकाचे, म्हणजे फर्स्ट ऑफिसरचे, बहुधा तीन. भारतात व्यावसायिक परवान्याला 200 तास उड्डाण लागतं, कॅप्टनपदासाठीच्या एटीपीएल या वरच्या परवान्याला 1500.

फर्स्ट ऑफिसर म्हणजे हाताखालचा पोऱ्या नव्हे. एका फेरीत कॅप्टन विमान उडवतो, पुढच्या फेरीत बहुधा तो. एअरबस ए320 धावपट्टीवर धावताना, वेग शंभर नॉट्सला पोचला की उडवत नसलेला ‘हंड्रेड नॉट्स’ पुकारतो, दुसरा ‘चेक्ड’ म्हणतो. उत्तर आलं नाही, तर उडवणारा भानावर नाही असं धरायचं. मात्र व्ही-वनपर्यंत, म्हणजे उड्डाण रद्द करता येण्याच्या शेवटच्या वेगापर्यंत, थ्रस्ट लिव्हरवर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर) हात कॅप्टनचाच, कारण उड्डाण रद्द करण्याचा निर्णय त्याचा.

घोळ होतो तो भिडेपोटी. टेनेरीफ या स्पॅनिश बेटावर 1977 मध्ये धावपट्टीवर दोन विमानं धडकली; त्याआधी एकातल्या फ्लाइट इंजिनिअरनं समोरचं विमान धावपट्टीवरून हटलंय का, असं विचारलं होतं. कॅप्टननं ते उडवून लावलं. 583 माणसं गेली.