नारिंगी टोपण

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात फार्मसिस्ट आहे. लोकांना वाटतं, खिडकीतून गोळ्या सरकवायच्या एवढंच आमचं काम. निम्मा दिवस खरं तर ई-औषधीवर, म्हणजे औषधसाठ्याच्या सरकारी संगणक प्रणालीवर, नोंदी करण्यात आणि जिल्हा भांडारात फोन लावण्यात जातो.

आमच्याकडे इन्सुलिनवरचे रुग्ण तीनच. त्यातले एक बाबा मंगळवारी आजींसोबत आले. उपाशीपोटीची साखर 286. डॉक्टरांनी केसपेपरवर सकाळचा डोस 20 वरून 26 केला, संध्याकाळचा 12 ठेवला. बाबांना बाहेर बसवून मला हळूच म्हणाले, "घेतच नसणार हे." डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत शंभर माणसं असली की रुग्ण खोटं बोलतोय हे निदान सगळ्यात स्वस्त पडतं.

मी नवी कुपी काढायला गेलो तर आजी म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, अजून अर्धी हाय."

इथे मी थांबलो. आमची कुपी 10 मिलीची, एका मिलीत 40 युनिट, म्हणजे एकूण 400. रोजचे 32 धरले तर बारा दिवसांत संपायला हवी. रजिस्टरात पाहिलं, देऊन पंधरा दिवस झाले होते. म्हणजे डॉक्टरांचंच खरं? तसं विचारल्यावर आजी भडकल्या. "रोज दोन टायमाला मी सोता टोचते! वीस काट्यापर्यंत भरून!"

"सुई बघू."

पिशवीतून निघालेल्या सिरिंजला नारिंगी टोपण. शंभरपर्यंत खुणांची.

सरकारी कुपीला लाल टोपणाची, 40 खुणांची सिरिंज लागते. नारिंगी असते ती 100 युनिटवाल्या इन्सुलिनसाठी. तिच्यात वीसच्या खुणेपर्यंत भरलं की 0.2 मिली येतं आणि आमच्या कुपीतलं तेवढं औषध म्हणजे फक्त 8 युनिट. आजी एक टोचणी चुकवत नव्हत्या आणि बाबांच्या अंगात निम्माही डोस जात नव्हता.

सिरिंज बाहेरून का आणावी लागली? कारण इन्सुलिन आलं, सिरिंज आल्याच नाहीत. भांडाराच्या यादीत ते दोन वेगळे आयटम. मागणी तर मी दोन्हींची केली होती. फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "इन्सुलिन पाठवलंय ना?" पाठवलंय की! संगणकावर आमचा साठा हिरवागार दिसतो. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरचेही पैसे पडत नाहीत, पण या जोडप्याने सिरिंजसाठी तालुक्याचं एसटी भाडं भरलं, वर पाकिटाचे पैसे. मेडिकलवाल्यानं कुपी कुठली हे विचारलं नाही. हाताला आलं ते पाकीट दिलं.

मला अजून छळतंय ते पुढचं. 26 लिहिलेला कागद घेऊन बाबा घरी गेले असते. नारिंगी सिरिंजमध्ये ते साडेदहाच्या आत झाले असते, म्हणजे साखर चढलेलीच, म्हणून डोस पुन्हा वाढला असता. आणि एखाद्या महिन्यात आमच्या लाल सिरिंज आल्या असत्या, मी त्या नियमाप्रमाणे हातात ठेवल्या असत्या. त्याच खुणेपर्यंत भरून अडीचपट औषध, म्हणजे साखर एकदम खाली. पहाटे, वाडीवर, गाडी मिळायच्या आधी.

डॉक्टरांना टोपण दाखवलं. त्यांनी 26 खोडून 20 केलं, कारण पूर्वी त्यावर बाबांची साखर ठीक असायची. आजींना घाम आणि थरथर म्हणजे काय ते समजावलं, गूळ उशाशी ठेवायला सांगितलं, चार दिवसांनी तपासणीला बोलावलं. शेजारच्या केंद्रातून लाल सिरिंज उसन्या आणल्या. नारिंगी मी सुया कापून नष्ट करायच्या हब कटरमध्ये घालायला लागलो तसं आजींनी विचारलं, "त्यो मेडिकलवाला परत नाय घेणार?"

उरलेल्या दोघांना फोन लावले. एकाकडे लाल टोपण निघालं. दुसऱ्याचा फोन लागत नाही. आशाताईंना त्याच्या वस्तीवर पाठवलंय.