गोळ्या लागतायत पण स्पिरिट मरत नाहीये!

आज दुपारपासून शॅडोरन खेळत होतो, फिफ्थ एडिशन, आणि डोकं अजून सिअ‍ॅटलमध्येच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९८९ मध्ये आलेला, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा रोल-प्लेइंग गेम, भविष्यातलं सिअ‍ॅटल, मोठ्या कंपन्यांचं राज्य, हॅकर, सायबर हातपाय आणि त्यातच एल्फ, ट्रोल, ड्रॅगन. ऐकायला भेळ वाटते पण जमलीय मस्त.

तर समोर आला फोर्स ६ चा स्पिरिट, म्हणजे जादुई आत्मा, आणि फोर्स म्हणजे त्याची ताकद. आमच्या ट्रोलभाऊंकडे एरीस प्रेडेटर, भारी पिस्तूल, डॅमेज ८, पण स्पिरिटवर साधी हत्यारं चालतच नाहीत ना, फोर्सच्या दुप्पट म्हणजे १२ चं आर्मर, त्याच्या खाली राहिलात की गोळी लागूनही काही होत नाही. भाऊ ओंजळभर फासे टाकतोय, ५ आणि ६ पडतायत (म्हणजे हिट्स), आणि जीएम, म्हणजे गेम चालवणारा, नुसता हसतोय 😂

शेवटी जादूगारणीने मॅनाबोल्ट हा मारक मंत्र मारला, तोही जास्त फोर्सने, आणि हिट्स पडल्या तिच्या मॅजिकच्या आकड्यापेक्षा जास्त, मग काय, ड्रेन (मंत्र मारल्याचा स्वतःला बसणारा फटका) थेट शरीरावर, नाकातून रक्त. स्पिरिट गेला पण बाई पण आडव्या.

मला यातला एसेन्सचा, म्हणजे शरीर किती अस्सल उरलंय त्या आकड्याचा, हिशोब फार आवडतो. सगळे ६ वर सुरू करतात, सायबर पार्ट बसवले की एसेन्स कमी आणि त्याबरोबर मॅजिकपण. दोन्हीकडून मलई नाही खाता येत.

पुढचं काम सेडर-क्रुप या गेममधल्या बड्या कंपनीच्या ऑफिसात आहे, जिचा मालक खुद्द लॉफविर, म्हणजे ड्रॅगन. ट्रोलभाऊ आत्तापासूनच रॉकेट लाँचरचे भाव विचारतायत.